तिसऱ्या रांगेतली दाद

टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि मग समोरच्या गाढवगाडीची काळजी गाढवावर सोपवून सरळ मागं वळूनच पाहिलं.

“बाई, तुम्ही त्याच ना?”

अफकार रुश्दींनी हनुवटी किंचित वर उचलली. ओळखलं जाण्याची त्यांना सवय होती आणि न ओळखलं जाण्याची धास्ती. पन्नाशीला टेकलेल्या नटीच्या पर्समध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात.

“हो. मीच ती.”

“देव उदंड आयुष्य देवो! मंगळवारी रेडिओवर ऐकलं ना आम्ही. अख्खं कॉफीहाउस कान लावून बसलं होतं. काय आवाज, काय तो दम! तो ‘अल्लाऽऽह’ असा काही उठला, की माझ्या हातातला चहा मांडीवर. मुअल्लिम हनफी म्हणजे मुअल्लिम हनफी! आणि मध्ये मध्ये गाता त्या तुम्हीच ना?”

अफकारबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. टॅक्सीवाला मात्र बोलत होता, आणि सगळं मुअल्लिम हनफींबद्दलच बोलत होता.

मुअल्लिम म्हणजे आपले शेठजी; या मुअल्लिम हनफींचं सय्यदा झैनबच्या चौकात लोणच्याचं दुकान होतं. गुलाबी सलगम, गाजरं, मिठातली लिंबं अशा बरण्यांच्या मागं ते दिवसभर बसत, तेव्हा त्यांचा आवाज कुणाही दुकानदारासारखा, भाव सांगण्यापुरता असे. पण दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अझबकिया बागेजवळच्या थिएटरात अफकारबाईंची मैफल व्हायची. (गुरुवार आधीच एका थोरल्या बाईंच्या नावावर लागलेला होता आणि त्याबद्दल वाद घालण्याइतकं कैरोत कुणी शूर नव्हतं.) मैफल रेडिओवरून थेट देशभर जाई. मुअल्लिम इस्त्रीची पायघोळ गलाबिया घालून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर येऊन बसत. बाई ओळ म्हणत. ओळीच्या शेवटी श्वासाएवढी जागा सोडत. त्या जागेत मुअल्लिम दादेचा आपला ‘अल्लाह’ आणून ठेवत, पोटातून, सावकाश, बरणीचं झाकण उघडल्यासारखा. मग सारं थिएटर उसळे. “पुन्हा, बाई, पुन्हा!”

मग बाई तीच ओळ पुन्हा म्हणत, निराळ्या वळणानं. कागदावर पाहिलं तर गाणं धोब्याच्या चिठ्ठीएवढं. पण मागणी येत गेली की ते उलगडत जाई, आणि लोक घरी निघत तेव्हा शहरातल्या शेवटच्या ट्राम सुटलेल्या असत. गाण्याचं पोट असं मागणीवर वाढे. मागणीशिवाय मात्र कुणी पुन्हा म्हणत नसे. कुणी न म्हणता ओळ पुन्हा गाणं म्हणजे परक्याच्या घरी आपणच पातेल्यात डाव घालून वाढून घेणं. तशी निर्लज्ज गायिका कैरोत अजून जन्मली नव्हती.

अफकारबाईंना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या मुहंमद अली रस्त्यावरच्या, लग्नात बँड वाजवणाऱ्यांच्या वस्तीतल्या. वडील बँडमध्ये कर्णा घेऊन चालत. वाजवत नसत. बँड भरघोस दिसावा म्हणून प्रत्येक बँडवाला काही माणसांना नुसताच गणवेश चढवून रांगेत घालत असे, त्यांपैकी ते एक. कर्णा ओठांना लावायचा, गाल फुगवायचे आणि चुकूनही फुंकायचं नाही. गप्प राहण्याची बिदागी घेणारा असा कलावंत राजकारण सोडलं तर दुसऱ्या क्षेत्रात सापडायचा नाही. एकदा बुलाकच्या एका लग्नात नवरीचे आजोबा अडून बसले, “हा माणूस मघापासून नुसता फुगतोय. अरे, तू पण वाजव की!” वडिलांनी डोळे मिटून फुंकलं. जो आवाज निघाला त्यानं मेजवानीसाठी बांधलेलं बोकड दावं तोडून पळालं. मांडव हसून लोळला आणि ओरडला, “पुन्हा! पुन्हा!”

“मला ‘पुन्हा’ म्हणाले, पोरी,” वडील मरेपर्यंत सांगत. “राजवाड्यातल्या गवयाला म्हणतात तसं.”

पोरीचं नाव तेव्हा खद्रा होतं. ते पोस्टरवर शोभणार नाही म्हणून एका नाटक कंपनीच्या मालकानं अफकार केलं. नाटकातून त्या सिनेमात गेल्या. सिनेमात त्या नेहमी गरीब, अनाथ आणि गोड गळ्याच्या असत. कपडे धुता धुता गात, आणि नेमका त्याच वेळी कुणा उमराव पाशाचा मुलगा सिगारेट ओढायला गॅलरीत येई. मग प्रेम, मग गैरसमज, मग रेल्वे स्टेशन, मग क्षय. क्षयानं त्या इतक्या वेळा गेल्या, की खरोखरीचा खोकला झाला तेव्हा डॉक्टरांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग नाडी पाहिली. एका चित्रपटात त्या आंधळ्या झाल्या आणि त्यांची दृष्टी परत आली ती थेट नायकाच्या दुसऱ्या लग्नाच्या मांडवात. पब्लिक रडलं, तिकिटं खपली, झमालिकमध्ये नदीकाठी फ्लॅट झाला. पुढं देशात क्रांती झाली आणि पाशांचीच मुलं सिनेमातून हद्दपार झाली. राजा बोटीत बसून निघून गेला. कचेऱ्यांतून त्याची तसबीर उतरली, खिळा मात्र जागच्या जागी राहिला. अफकारबाईंना आता नायिकेच्या मोठ्या बहिणीच्या भूमिका येऊ लागल्या होत्या. राहिली होती ती मंगळवारची मैफल. आणि आता त्या मैफलीवरही लोणच्याचा वास येऊ लागला होता.

टॅक्सीचा प्रसंग त्या कदाचित विसरल्याही असत्या. पण त्याच आठवड्यात एक निर्माता गुलाबाची टोपली घेऊन घरी आला. नव्या चित्रपटात बाईंची मैफल दाखवायची होती.

“आणि प्रेक्षकांत मुअल्लिम हनफी!” निर्माता खुर्चीच्या टोकावर आला. “खरेखुरे! पोस्टरवर त्यांचं नाव तुमच्याहून थोडंसंच लहान टाकू. बाई, तुमच्या मानाला धक्का लागणार नाही.”

गुलाबाची टोपली निर्मात्याच्या आधी जिन्यावरून खाली पोचली.

संध्याकाळी फहीम तालमीला आला. फहीम म्हणजे बाईंच्या गाण्यांना चाली लावणारा, ऊद हे तंतुवाद्य वाजवणारा आणि बाईंचा माजी नवरा. त्याचा ऊद आणि तो, दोघंही पोटाशी सारखेच फुगीर, त्यामुळे तो वाजवायला बसला की कुणी कुणाला मांडीवर घेतलंय ते लांबून कळत नसे.

“तिकिटांच्या मागं छापून घेणार आहे,” बाई म्हणाल्या. “‘गाणं चालू असताना श्रोत्यांनी पूर्ण शांतता राखावी, ही सित्त अफकार यांची नम्र इच्छा आहे.’”

“‘नम्र’ काढ,” फहीम म्हणाला. “लोकांना वाटेल तिकीट बनावट आहे.”

“चेष्टा करू नकोस. पॅरिसला मी ऑपेराला गेले होते. माणसं भिंतीसारखी बसली होती. शेजारच्या बाईनं तर खोकला गिळला.”

“आणि ऐकून तुला काय वाटलं?”

“मला झोप लागली. ते सोड. फहीम, मला एकदा कळायला हवं. ही माणसं माझ्यासाठी येतात की त्या लोणच्यासाठी?”

“ते गप्प बसून कसं कळणार?”

“माझ्यावर प्रेम असेल तर माझं ऐकतील.”

“म्हणजे गप्प बसले तर प्रेम.”

“हो.”

“बरं,” असं म्हणून फहीमनं ऊदची खुंटी पिळली. संसाराच्या काळात हे ‘बरं’ ऐकलं की बाईंच्या मस्तकाची शीर उठत असे. आत्ताही उठली, पण आता कायद्यानं त्यांना काही करता येत नव्हतं.

पुढच्या मैफलीच्या मंगळवारी थिएटर भरलं. पडद्याच्या फटीतून बाईंनी पाहिलं. लोक कुजबुजतसुद्धा नव्हते. दरवाजाशी शेंगदाणेवाल्याकडून पुडी घेऊन आलेला एक सुटाबुटातला अफंदी दाणे तोंडात टाकायचा आणि विरघळायची वाट बघायचा. कैरोच्या माणसानं आजवर कुठलीही लेखी सूचना पाळल्याची नोंद नाही. ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलेली जागा लोक थुंकायला सोयीची मानत. पण ही सित्त अफकारची, म्हणजे खुद्द बाईंची, इच्छा होती. आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मुअल्लिम हनफी बसले होते. डोक्यावरून हनुवटीखाली बायकोचा फुलाफुलांचा रुमाल करकचून बांधलेला, दाढदुखीच्या रोग्यासारखा.

पडद्यामागं रेडिओचा निवेदक मम्दूह देशाला सांगत होता, “प्रिय श्रोतेहो, सित्त अफकार रंगमंचावर येत आहेत. आज त्यांचा पोशाख पिस्त्याच्या रंगाचा आहे. सभागृहात अशी शांतता आहे, की... अशी शांतता आहे.”

गाणं नवं होतं. बाईंनी पहिली ओळ म्हटली, “एक शब्द बोल, मग जा, वाट मोकळी आहे.” शेवटी श्वासाएवढी जागा सोडली.

जागा तशीच राहिली.

व्हायोलिनवाल्यांनी सवयीनं गज उचलून धरले होते, ते तसेच अधांतरी. डफवाल्यानं डफाकडे पाहिलं. बाईंनी समोर पाहिलं. हजार माणसं श्वास रोखून, डोळे विस्फारून, मुठी आवळून त्यांच्यावर प्रेम करत होती. पण वरून, दिव्यांच्या झोतातून, ते दिसत नव्हतं. दिसत होती फक्त मिटलेली तोंडं. बाईंनी दुसरी ओळ म्हटली. मग तिसरी. मध्ये थांबवायलाच कुणी नव्हतं, त्यामुळे गाणं उतारावरच्या हातगाडीसारखं सुटलं. दुसरं कडवं आलं आणि गेलं. ज्या तानेवर गेल्या वर्षी एक वकील खुर्चीवर उभा राहून रडला होता, तशीच एक तान आली, झाली. वकील समोरच होता. त्यानं स्वतःचा हात चावला. आणि बाईंना कळायच्या आत गाणं संपलं.

टाळ्या पडल्या. शाळेच्या बक्षीस समारंभात तिसऱ्या क्रमांकाला पडतात तशा, दोन्ही तळव्यांच्या, नीट.

बाई विंगेत आल्या तेव्हा निवेदक मम्दूहच्या शर्टाला घामानं नकाशे आले होते. बातम्यांपर्यंतची सगळी वेळ गाण्यासाठी राखलेली होती आणि गाणं तर ग्लासातला चहा निवायच्या आत आटोपलं होतं. तो माइकवर हात ठेवून म्हणाला, “बाई, माझी लेकरं लहान आहेत,” आणि हात काढून लगेच गोड आवाजात, “तर प्रिय श्रोतेहो, पोशाख पिस्त्याच्या रंगाचा आहे हे आपण पाहिलंच. डाव्या बाहीवर मोत्यांची वेल आहे. आणि उजव्या बाहीवरसुद्धा, श्रोतेहो, तशीच वेल आहे.”

बाई खोक्यावर बसल्या. “संपलं, फहीम. त्यांना मी नको आहे. एकानंसुद्धा म्हटलं नाही. एकानंसुद्धा!”

“तूच सांगितलंस गप्प बसा. बसले.”

“सांगितलं म्हणून काय बसायचं?”

“मलाही सांगायचीस. मीही बसायचो. पुढं काझीसमोर काय म्हणालीस? ‘हा माणूस माझ्याशी बोलत नाही.’”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एरवी ऊदची तार तुटली असती. “आणि गाणंही मेलं कसलं आणलंस! म्हणे, ‘एक शब्द बोल’!”

“चाल मी उन्हाळ्यात बांधली. तिकिटं तू नंतर छापलीस.” मग फहीमनं आवाज खाली आणला. “पुन्हा जा. पहिल्यापासून म्हण.”

“कुणी मागितलं नाही.”

“म्हण तरी.”

“न मागता? खद्रा असते तर म्हटलंही असतं,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या. त्यांना बोकड आठवलं. वडिलांनीही आपणहून नव्हतं फुंकलं. पण मांडवात गाल फुगवून उभे तर राहिले होते. कुणी मागावं म्हणून निदान समोर दिसावं तरी लागतं.

मम्दूह वर्णन करत करत झुंबराच्या दिव्यांपर्यंत आला होता, तेवढ्यात बाई पुन्हा प्रकाशात आल्या. लोकांना वाटलं, आपल्या हातून काही आगळीक झाली. बाई माइकशी थांबल्या नाहीत. पार रंगमंचाच्या कडेला आल्या, तिसऱ्या रांगेसमोर उभ्या राहिल्या आणि वाद्यांवाचून, नुसत्या गळ्यानं म्हणाल्या, “एक शब्द बोल, मग जा...”

मुअल्लिम हनफींनी रुमालाकडे बोट दाखवलं. मग तिकीट उलटं करून, त्यावरची छापील अक्षरं दाखवली. डोळ्यांत पाणी होतं.

बाईंनी तीच ओळ पुन्हा म्हटली. कुणी न मागता. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज नाही थरथरला. आणि म्हणता म्हणता त्यांनी बोटांनी खूण केली, सोडा तो रुमाल.

मुअल्लिमांनी डोक्यावर हात नेले. गाठ हलली नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, जमालातनं, हात घातला. गाठ हलली नाही.

आपला नवरा बाईंचा शब्द पाळू पाहील, पण तोंड आवरणार नाही, हे ती जाणून होती. म्हणून निघताना तिनं रुमाल ओला करून, वर तिहेरी गाठ मारली होती. आता सुकून तिचा खडा झाला होता.

“नखानं, नखानं,” मागच्या रांगेतून कुणीतरी अगदी हळू म्हणालं.

इतकं पुरे होतं. कैरोचा माणूस एक वेळ गाण्याला दाद देणं आवरू शकतो. पण समोर दुसऱ्याची गाठ सुटत नाहीये आणि आपण सल्ला द्यायचा नाही, हे त्याच्या रक्तात नाही.

“अहो, नखानं काय होतंय? दातानं धरा!”

“दातानं कशी धरेल? गाठ डोक्यावर आहे!”

“मग बायकोला धरू दे की!”

“तेल लावा, तेल!”

“मैफलीला तेल घेऊन आलाय का कुणी, शहाण्या?”

“केसांची पिन आहे का? बाई, तुमच्या अंबाड्यात असेल!”

“माझा नवरा नदीवरचा मल्लाह आहे, गाठी त्याला विचारा,” सज्जातून एक बाई ओरडली. “अरे, टोक आत ढकला, बाहेर काय ओढताय!”

“कापा सरळ!”

“खबरदार!” जमालातनं मागं वळून दम दिला. “माझ्या माहेरचा रुमाल आहे!”

अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंतची कॉफीहाउसं रेडिओला चिकटली होती. कशाची गाठ, कुणाला तेल लावायचंय, काही कळत नव्हतं. पण पैजा लागल्या होत्या. मम्दूहनं देशाला विश्वासात घेतलं, “श्रोतेहो, प्रयत्न सुरू आहेत.”

थिएटर हसत होतं. अफकारबाईही हसत होत्या, वाकून, पोट धरून, मुहंमद अली रस्त्यावरच्या पोरीसारख्या. आणि त्या हसण्यातच, सूर थोडा सांडत असताना, ती ओळ त्यांच्या तोंडून पुन्हा निघाली. या खेपेला ती विनवणी नव्हती, चिडवणं होतं. “एक शब्द बोल, मग जा...” शेवटचं ‘जा’ त्यांनी असं ओढलं, की निघालेला माणूस पायरीवरच बसून राहावा.

“अल्लाह!”

आवाज तिसऱ्या रांगेतला नव्हता. सज्जातला होता, बारीक, मघाच्या त्या मल्लाहाच्या बायकोचा. तिनं म्हटलं आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. मग वकील उठून खुर्चीवर चढला. “बाई, माझा हात चावून चावून गेला हो! पुन्हा!” मग सगळेच उठले. “पुन्हा! पुन्हा! आमचा जीव घेतलात, पुन्हा!” शेंगदाण्यांच्या पुड्या फुटल्या, टोप्या उडाल्या. व्हायोलिनचे अधांतरी राहिलेले गज खाली आले, फहीमचा ऊद धावत येऊन गाण्याला मिळाला. बाईंनी ओळ पुन्हा म्हटली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. कधी रुसून, कधी हुकूम दिल्यासारखी, कधी दार लावून घेतल्यासारखी. मुअल्लिम हनफी तिसऱ्या रांगेत अजून मुकेच होते, आणि थिएटर त्यांच्यावाचून पेटलेलं होतं. बाईंनी ते पाहिलं. ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं ते मिळालं होतं. गंमत अशी, की आता त्यांना त्या प्रश्नाचं फारसं काही वाटत नव्हतं.

ताल थांबला, बाईंनी दुसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला, सगळीकडे एकदम सामसूम झाली, आणि नेमकी तेव्हाच गाठ सुटली.

“अल्लाऽऽऽह!”

ना ओळ संपली होती, ना सुरू झाली होती. साठलेला, कोंडलेला, पार बेसूर असा तो आवाज झुंबराला जाऊन धडकला. मागं कुठंतरी एक लहान मूल दचकून रडू लागलं. मुअल्लिम हनफी, आयुष्यात ज्यांची जागा कधी चुकली नाही ते, कपाळापर्यंत लाल झाले आणि बायकोचा रुमाल तोंडावर धरून खुर्चीत खाली खाली सरकू लागले.

विंगेत मम्दूह घड्याळ दाखवत होता. बातम्यांची वेळ झाली होती. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या रंगमंचाच्या कडेशी आल्या, कमरेवर हात ठेवला, आणि माइक मागं आहे हे विसरून, वस्तीतल्या आवाजात ओरडल्या,

“मुअल्लिम! पुन्हा!”